निदानाच्या आधीची पाच मिनिटे

७ मार्च २००३. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हर जनरल हॉस्पिटलमध्ये ताप आणि खोकल्याने बेजार झालेला एक माणूस आला. तो नुकताच आशियाच्या प्रवासातून परतला होता आणि त्या प्रवासात हाँगकाँगला मुक्काम झाला होता. आपत्कालीन विभागातल्या कर्मचाऱ्यांनी काही मिनिटांतच त्याला इतर रुग्णांमधून बाजूला काढले आणि वेगळ्या खोलीत नेले. त्याच्याजवळ जाणाऱ्या प्रत्येकाने आधी मास्क आणि हातमोजे चढवले. त्या रुग्णालयात त्याच्यापासून साथ पसरली नाही.

त्याच दिवशी टोरांटोच्या स्कारबरो ग्रेस हॉस्पिटलमध्ये जवळपास अशीच लक्षणे घेऊन दुसरा रुग्ण आला. तो स्वतः परदेशी गेला नव्हता. त्याची आई मात्र हाँगकाँगहून परतली होती आणि दोनच दिवसांपूर्वी घरी वारली होती. वॉर्डात खाट मिळेपर्यंत त्याला रात्रभर आपत्कालीन विभागातच ठेवले गेले. तिथल्या खाटांमध्ये फक्त पडदे होते. दम लागत होता म्हणून त्याला ऑक्सिजन दिला, फवाऱ्यातून औषधही दिले. शेजारच्या खाटेवर हृदयाचे ठोके अनियमित झाल्यामुळे आलेला एक रुग्ण होता, आणखी काही अंतरावर छातीत पाणी झालेला दुसरा. दोघेही बरे वाटल्यावर घरी गेले आणि काही दिवसांनी आजारी होऊन परतले. त्या एका रात्रीपासून सुरू झालेल्या साखळीत रुग्णालयाशी निगडित १२८ जण आजारी पडले. कॅनडात या आजाराने एकूण ४४ बळी घेतले, ते टोरांटो परिसरातच.

या दोन रुग्णालयांपैकी एकालाही त्या दिवशी आजाराचे नाव ठाऊक नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने जगाला इशारा दिला तो १२ मार्चला, आणि ‘सार्स’ हे नाव आले त्यानंतर. व्हँकुव्हरला हुशार डॉक्टर होते आणि टोरांटोला नव्हते, असेही नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारीतच आपल्या रुग्णालयांना कळवले होते, की चीन आणि हाँगकाँगकडून येणाऱ्या तापाच्या, खोकल्याच्या रुग्णांकडे लक्ष ठेवा. दारावरच्या माणसाला काय विचारायचे ते माहीत होते, आणि उत्तर ‘हो’ आले तर काय करायचे तेही. पुढे न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने सार्सच्या साथीची चौकशी केली, तेव्हा ही दोन शहरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली गेली.

श्वसनमार्गाच्या विषाणूजन्य आजाराचा रुग्ण कॅज्युअल्टीच्या दारात येतो, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत जे घडते त्यावर त्याचे आणि आसपासच्या कित्येकांचे भवितव्य ठरते. हा निर्णय निदानाच्या आधीचा असतो. तपासणीचा अहवाल यायला काही तास लागतात, कधी एक-दोन दिवसही. विषाणू तोवर थांबत नाही.

दोन प्रश्न, दोन उत्तरे

आलेल्या रुग्णांमध्ये कोणाला आधी पाहायचे याची झटपट वर्गवारी म्हणजे ट्रायज. या पद्धतीचा मान नेपोलियनच्या सैन्यातले शल्यचिकित्सक डोमिनिक ज्याँ लारे यांना दिला जातो. जखमी सैनिकाचा हुद्दा न पाहता जखम किती गंभीर आहे ते पाहून क्रम लावायचा, हा त्यांचा आग्रह होता. आजच्या कॅज्युअल्टीतही तेच चालते. बोट मोडलेला माणूस आधी आलेला असला, तरी छातीत कळ आलेला माणूस त्याच्या पुढे जातो. लाल, पिवळा, हिरवा अशा रंगांत रुग्ण विभागले जातात.

श्वसनाच्या संसर्गात मात्र ही एक शिडी पुरत नाही. इथे दोन स्वतंत्र प्रश्न विचारावे लागतात. पहिला, याला मदतीची किती घाई आहे? दुसरा, याच्यापासून इतरांना किती धोका आहे? दोन्हींची उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. पंचविशीतला एखादा तरुण चालत येतो, हसून बोलतो, त्याला फक्त ताप आणि खोकला आहे. घाईच्या शिडीवर तो सर्वांत खाली, म्हणून दोन तास बाकावर बसून राहतो. पण त्याला फ्लू असेल, तर शेजारी बसलेल्या केमोथेरपीच्या रुग्णाच्या दृष्टीने तो त्या खोलीतला सर्वांत धोकादायक माणूस आहे. याउलट दमा उसळलेल्या आजींचा जीव घुसमटतो आहे, पण त्यांच्यापासून कोणालाच संसर्ग नाही. पहिल्याला आधी वेगळे करायचे, दुसरीला आधी उपचार द्यायचे. आणि ज्याचा श्वासही कोंडला आहे आणि संसर्गाची शंकाही आहे, त्याच्यासाठी दोन्ही एकाच वेळी करायचे. विलगीकरणाची खोली रिकामी नाही म्हणून त्याचा ऑक्सिजन थांबता कामा नये.

दारापाशी काय पाहतात

आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत रुग्णाची पहिली गाठ पडते ती केसपेपरच्या खिडकीशी. तिथे सगळ्यांची एकच रांग असते. म्हणून चांगल्या व्यवस्थेत पहिला प्रश्न केसपेपरच्याही आधी विचारला जातो: ताप आहे का, खोकला आहे का, दम लागतो का? यांपैकी काही असेल, तर रुग्णाला तिथल्या तिथे साधा सर्जिकल मास्क दिला जातो. खोकणाऱ्याच्या तोंडावरचा मास्क तुषारांना उगमापाशीच अडवतो, म्हणून इतर दहा जणांना मास्क लावत बसण्याआधी तो त्याला लावणे शहाणपणाचे. मग वेगळी बसण्याची जागा, माणसामाणसांत किमान एक मीटर अंतर, आणि शक्य असेल तर वेगळे दार.

त्यानंतर अनुभवी सिस्टरची नजर काम करते. रुग्ण एक वाक्य एका दमात पुरे करतो की दोन शब्दांनंतर थांबतो? गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसला आहे का? श्वास घेताना मानेचे स्नायू ताठ होतात का? ओठ, नखे निळसर आहेत का? नाव, गाव विचारल्यावर नीट सांगतो की गोंधळतो? लहान मूल असेल तर अंगावरचे दूध ओढते का, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत खेचला जातो का? यातल्या एकाही प्रश्नासाठी यंत्र लागत नाही.

यानंतर ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वासांची मोजणी. या चारांत सर्वांत दुर्लक्षित श्वासांची मोजणी, आणि या आजारांत सर्वांत बोलकीही तीच. ती पूर्ण एक मिनिट करायची असते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले, तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. आपले श्वास मोजले जात आहेत हे कळले की माणूस नकळत वेगळा श्वास घेऊ लागतो. म्हणून सिस्टर मनगटावर बोटे तशीच ठेवते, जणू नाडीच पाहते आहे, आणि नजर छातीच्या हालचालीवर. प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘न्यूज’ या गुणांकन पद्धतीत २१ ते २४ श्वासांना २ गुण आणि २५ किंवा त्याहून अधिक श्वासांना ३ गुण मिळतात. तीन हे एका निकषाचे सर्वाधिक गुण आहेत, आणि तेवढ्यावरच डॉक्टरला बोलावणे भाग पडते.

श्वास मोजण्याची ताकद महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवून दिली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. दहापुढे मोजणे ज्यांना अवघड, त्यांच्यासाठी त्यांनी एक साधे उपकरण तयार केले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत मणी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले, तर बाळाला न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मिनिटाला ६०, एक वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० श्वास, या धोक्याच्या खुणा आजही जगभर वापरल्या जातात. गडचिरोलीत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले, आणि हे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. एक्स-रे नसतानाही जीव वाचवणारा निर्णय घेता येतो, याचा इतका भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

बोटावरचा आकडा

श्वासांच्या जोडीला येतो पल्स ऑक्सिमीटर. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात त्यामागचे तत्त्व शोधले. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश जातात. ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन आणि रिकामे हिमोग्लोबिन ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, आणि त्या फरकावरून टक्केवारी काढली जाते.

कोविडच्या काळात हे यंत्र घराघरांत पोचले. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य पथके ते घेऊन दारोदार फिरली. त्याची गरजही होती. कोविडच्या काही रुग्णांचा ऑक्सिजन ८०च्या घरात उतरलेला असे, पण ते मोबाइलवर निवांत बोलत असत. याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. गुदमरल्याची जाणीव मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. आजाराच्या सुरुवातीला फुप्फुसे पुरेशी लवचिक असतात, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, आणि ऑक्सिजन कमी झाल्याचे मेंदूला उशिरा कळते. अशा रुग्णाकडे नुसते पाहून ट्रायज केले, तर तो हिरव्या रंगात जाईल. म्हणून भारतातल्या मार्गदर्शक सूचनांनी आकडे ठरवून दिले: ९४ किंवा त्याहून अधिक म्हणजे सौम्य, ९० ते ९३ म्हणजे मध्यम, ९०च्या खाली म्हणजे गंभीर. याला जोड मिळाली सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीची. बसल्या जागी ९६ दिसणारा आकडा चालल्यावर ३ टक्क्यांहून अधिक घसरला, तर फुप्फुसांची राखीव ताकद संपत आली आहे असे समजायचे. बसूनच धाप लागणाऱ्याला मात्र ही चाचणी करायला लावायची नाही.

या एका आकड्यावर उपचारही अवलंबून होते. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले, की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड ऑक्सिजनची गरज असलेल्या कोविड रुग्णांचे प्राण वाचवते. ज्यांना ती गरज नाही त्यांना मात्र त्याचा लाभ होत नाही. म्हणजे दारावर घेतलेली नोंद चुकली, तर पुढचे औषधही चुकणार.

आकड्यालाही मर्यादा आहेत. थंडगार बोटे, नेलपॉलिश किंवा हलणारा हात यांमुळे तो फसवतो. गडद त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाने स्पष्ट केले. म्हणून आकडा ९५ आणि रुग्ण धापा टाकतो आहे, अशा वेळी विश्वास रुग्णावर ठेवायचा.

प्रवासाचा प्रश्न पुरेसा नाही

संसर्गाचा प्रश्न कसा विचारावा, याचा कठोर धडा दक्षिण कोरियाने २०१५ मध्ये घेतला. मध्यपूर्वेतून परतलेला एक माणूस अनेक रुग्णालयांत फिरला. शेवटी सोलच्या सॅमसंग मेडिकल सेंटरमध्ये त्याच्या प्रवासाचा धागा हाती लागला आणि मर्स या श्वसनाच्या विषाणूजन्य आजाराचे निदान झाले. त्याच रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आठवडाभराने दुसरा रुग्ण आला, पुढे ‘चौदावा रुग्ण’ म्हणून ओळखला गेलेला. तो मध्यपूर्वेत कधीच गेला नव्हता. पण आधी ज्या रुग्णालयात तो दाखल होता, तिथेच मर्सचा पहिला रुग्णही होता. हा दुवा कोणाच्याच लक्षात आला नाही, त्याच्याही नाही. २७ ते २९ मे या काळात तो त्या गजबजलेल्या विभागात होता, आणि त्याच्यापासून ८२ जणांना लागण झाली. त्यातले ४१ जण, म्हणजे निम्मे, रुग्णांना भेटायला किंवा सोबतीला आलेले होते.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. ‘परदेशी गेला होता का?’ एवढाच प्रश्न पुरत नाही. ‘गेल्या दोन आठवड्यांत दुसऱ्या कुठल्या रुग्णालयात होता का? घरात, कामावर, हॉस्टेलमध्ये कोणी आजारी आहे का?’ हेही विचारायला हवे. कोंबड्यांच्या फार्मवर काम करणाऱ्याला तिथले पक्षी मेले का, ते विचारायला हवे. दुसरी गोष्ट नातेवाइकांची. आपल्याकडे एका रुग्णामागे चार-पाच जण येतात. त्यामागे माया आणि काळजी असते, आणि व्यवस्थेवरचा अविश्वासही. पण श्वसनाच्या संसर्गात सोबतीला आलेला प्रत्येक जण साखळीतला एक संभाव्य दुवा असतो. कोरियाने त्यानंतर आपत्कालीन विभागाच्या दारावर ताप आणि खोकल्याची तपासणी आणि सोबत्यांच्या संख्येवर मर्यादा आणली.

विलगीकरणासाठी उत्तम खोली म्हणजे हवा आत ओढून बाहेर सोडणारी, तासाला किमान १२ वेळा हवा बदलणारी. अशा खोल्या आपल्या जिल्हा रुग्णालयांत मोजक्याच असतात. पण समोरासमोर उघड्या खिडक्या, उंच छत, आवारातला चारही बाजूंनी मोकळा मांडव यांतूनही पुष्कळ साधते. वातानुकूलित, बंद खिडक्यांचा चकचकीत प्रतीक्षाकक्ष या कामी जुन्या व्हरांड्यापेक्षा वाईट ठरतो.

घरी पाठवणे हाही निर्णय

३ ऑगस्ट २००९ ला स्वाइन फ्लूने भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. शहर हादरले. रुमाल बांधलेली तोंडे रस्तोरस्ती दिसू लागली आणि नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. ज्यांना साधी सर्दी होती ते, ज्यांना खरोखर स्वाइन फ्लू होता ते, आणि नुसतेच घाबरलेले, सगळे एकाच रांगेत तासन्‌तास उभे. आजार नव्हता त्यालाही तो रांगेत लागण्याची सोय झाली.

यावर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वर्गवारी जाहीर केली. ऑक्टोबर २००९ मध्ये सुधारलेल्या या वर्गवारीचे अ, ब, क असे तीन गट होते. ‘अ’ म्हणजे सौम्य ताप, खोकला, घसा दुखणे: चाचणी नाही, ऑसेल्टामिव्हिर (फ्लूवरचे औषध) नाही, घरीच विश्रांती आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहणे. ‘ब’ म्हणजे जोराचा ताप आणि घशाचा तीव्र त्रास, किंवा सौम्य लक्षणे असली तरी जोखीम असलेले: गरोदर स्त्रिया, ६५ वर्षांवरचे, मधुमेही, हृदय, फुप्फुस, मूत्रपिंडाचे जुने रुग्ण. यांना चाचणीची वाट न पाहता घरीच औषध. ‘क’ म्हणजे धाप, छातीत दुखणे, गुंगी, रक्तदाब उतरणे, थुंकीतून रक्त, नखे निळी पडणे. मुलांत चिडचिड आणि खाणे-पिणे सोडणे. यांना लगेच दाखल करून चाचणी आणि उपचार.

या तक्त्याचे मोल असे, की त्याने चाचणीला निर्णयाच्या केंद्रातून हलवले. ‘स्वाइन फ्लू आहे का?’ या प्रश्नाच्या जागी ‘याला आज काय हवे?’ हा प्रश्न आला. तालुक्याच्या ठिकाणचा डॉक्टरही तो वापरू शकत होता.

मात्र घरी पाठवणे म्हणजे हाकलून देणे नव्हे. फ्लूचा रुग्ण बरा होता होता ताप पुन्हा चढला, तर जिवाणूंचा न्यूमोनिया जडला असू शकतो. कोविडमध्ये दुसऱ्या आठवड्याकडे जाताना अचानक बिघाड होई. म्हणून रुग्णाला धोक्याच्या खुणा त्याच्या भाषेत, चिठ्ठीवर लिहून, सोबतच्या माणसालाही समजावून सांगणे हे ट्रायजचेच काम आहे.

आणखी एक सावधगिरी डॉक्टरांनी बाळगायची. साथीच्या दिवसांत प्रत्येक धाप साथीचीच वाटते. पण पावसाळ्यात कोकणातून आलेला तापाचा रुग्ण लेप्टोस्पायरोसिसचा असू शकतो, धाप हृदयविकाराची असू शकते, मधुमेहीचे खोल, जलद श्वास रक्तातल्या आम्लामुळे असू शकतात, आणि महिनाभर खोकणाऱ्याला क्षयरोग असू शकतो. संसर्गाचा संशय म्हणून वेगळे ठेवलेल्या रुग्णाचा ईसीजी आणि साखर तपासणी मागे पडू नये.

दारावर कोण उभे आहे?

या सगळ्याला फार पैसा लागत नाही. मास्क, घड्याळ, ऑक्सिमीटर, उघडी खिडकी, आणि दारावर एक जाणता माणूस. अडचण या शेवटच्या गोष्टीपाशी येते. पुष्कळ ठिकाणी दारावर सर्वांत नवखा कर्मचारी किंवा सुरक्षारक्षक उभा असतो. तिथे विभागातली अनुभवी सिस्टर किंवा ब्रदर हवेत, आणि ‘याला आत्ताच वेगळ्या खोलीत न्या’ म्हणण्याचा अधिकार त्यांच्याकडे हवा. त्यासाठी वरिष्ठांच्या फोनची वाट पाहावी लागू नये. साथ ओसरली की ही व्यवस्था गुंडाळली जाते, आणि पुढच्या साथीत पहिल्यापासून उभारावी लागते. ती बारा महिने चालायला हवी, कारण पुढच्या साथीचा पहिला रुग्ण कुठल्याशा साध्या मंगळवारी, साध्या खोकल्यासारखाच येणार आहे.

आपल्या हातीही बरेच आहे. ताप-खोकला घेऊन रुग्णालयात जाताना मास्क लावून जावे. खिडकीशी पोचताच, कोणी विचारायची वाट न पाहता सांगावे: मला ताप आणि खोकला आहे, अमक्या दिवशी अमक्या रुग्णालयात होतो, घरात अमके आजारी आहेत. चालू औषधांची चिठ्ठी जवळ ठेवावी. सोबत एकानेच जावे. आणि आपल्यानंतर आलेल्या कोणाला आधी आत नेले, तर वाद घालू नये. त्याला आत्ता ऑक्सिजन हवा आहे, आणि आपल्याला थांबता येते. ही समज जितक्या जास्त लोकांत असेल, तितकी कॅज्युअल्टी तिथे येणाऱ्या प्रत्येकासाठी सुरक्षित होईल.